शिलोहाचा बुरूज, लंडनची तुळई

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका अपघाताचा ओझरता उल्लेख येतो. शिलोह येथील बुरूज कोसळला आणि अठरा माणसे त्याखाली सापडून मरण पावली. ती अठरा माणसे येरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती, असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न प्रभू येशूने भोवतालच्या लोकांना केला आणि त्याचे नकारार्थी उत्तरही स्वतःच दिले. बुरूज का कोसळला, हे मात्र शुभवर्तमानात सांगितलेले नाही. पाया खचला होता की चुना कच्चा होता, हा गवंड्याचा प्रश्न. मेलेली माणसे पापी होती काय, हा निराळा प्रश्न. या दोन प्रश्नांची सरमिसळ करण्याची मानवी खोड फार जुनी आहे आणि युरोपच्या इतिहासात तिची साक्ष बुरुजांपेक्षा घरांच्या माड्यांनीच अधिक वेळा दिली आहे.

माडीचा मजला म्हणजे काय, हे आपल्या जुन्या घरांत वाढलेल्यांना सांगावयास नको. भिंतीपासून भिंतीपर्यंत, अथवा खांबापासून खांबापर्यंत, एक जाड तुळई टाकावयाची. तिच्यावर अथवा तिच्या बगलेत हातभर अंतराने बारीक कड्या बसवावयाच्या. कड्यांवर फळ्या ठोकावयाच्या. खालून पाहणाऱ्याला ते छत दिसते. त्याला आपण कडीपाट म्हणतो. वर राहणाऱ्याला ती जमीन वाटते. कुटुंबे त्या जमिनीवर जेवतात, निजतात, जपमाळ म्हणतात, पाहुण्यांना बसवतात. आणि आपल्या पायांखाली पोकळी आहे हे विसरून जातात. कडीचे टोक भिंतीत गेलेले असल्यामुळे दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याची चौकशी सहसा होत नाही.

इ. स. ९७८ च्या सुमारास इंग्लंडमधील कॅल्न या गावी राजसभेची बैठक एका माडीवर भरली होती. अँग्लो-सॅक्सन बखरीत नोंद आहे की, माडीचा मजला खचून राज्यातील थोर सल्लागार खाली कोसळले. काहींना गंभीर इजा झाली, काही दगावले. कँटरबरीचे आर्चबिशप संत डन्स्टन हे तेवढे एका तुळईवर उभे राहिले. नोंद एवढीच आहे. परंतु त्या काळी मठवासी आणि बिगर-मठवासी धर्मगुरू यांच्यात मालमत्तेवरून आणि मठांच्या सुधारणेवरून तीव्र वाद चालू होता. डन्स्टन हे सुधारणेचे पुरस्कर्ते. पुढच्या काळातील चरित्रकारांनी या अपघाताचा अर्थ असा लावला की, देवाने मजला पाडून डन्स्टनच्या बाजूने निकाल दिला. एक आर्चबिशप बचावले याचा आनंद समजू शकतो. पण जे दगावले त्यांच्या विधवांना त्या निकालाचे काय वाटले असेल, याचा विचार चरित्रकारांनी केलेला दिसत नाही.

सहा शतकांनंतर हेच माप आपल्या लोकांच्या पदरात पडले. त्याची हकिकत जरा विस्ताराने सांगावयास हवी.

लंडन शहरात टेम्स नदीच्या काठी ब्लॅकफ्रायर्स नावाचा भाग आहे. काळा झगा पांघरणाऱ्या डोमिनिकन संघाच्या मठावरून त्याला हे नाव पडले. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, मठ बंद झाला आणि इमारती खाजगी हातांत गेल्या. १६२३ साली तेथील एका मोठ्या वाड्यात फ्रान्सच्या राजदूताचा मुक्काम होता. कॅथलिकांच्या दृष्टीने तो काळ कठीण होता. १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेऊन आलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्य हाच राजद्रोह ठरला होता. मिस्साला जाणे हा गुन्हा होता. ख्रिस्तमंदिरे हातची गेली होती. कॅथलिक राष्ट्रांच्या राजदूतांच्या निवासस्थानी मात्र राजनैतिक संरक्षणामुळे उपासना चालत असे आणि लंडनचे कॅथलिक तेथे गर्दी करीत.

२६ ऑक्टोबर १६२३, रविवार. त्या दिवशी दुपारनंतर येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट ड्रुरी यांचे प्रवचन होते. जागा होती वाड्याच्या वरच्या मजल्यावरील एक लांबट दालन. ते राहण्यासाठी बांधलेले होते, सभेसाठी नव्हे. सुमारे तीनशे माणसे तेथे दाटीवाटीने जमली. माणशी साठ किलो धरले तरी हे वजन अठरा टनांच्या घरात जाते. प्रवचन चालू असताना मुख्य तुळई मध्यावर कडाडली आणि मजला माणसांसकट खाली गेला. तो आघात सोसणे खालच्या मजल्याला शक्य नव्हते, तोही कोसळला. नव्वदांहून अधिक माणसे मरण पावली. खुद्द फादर ड्रुरी त्यांत होते. कडेला, भिंतीलगत उभे असलेले काहीजण वाचले, कारण तेथील कड्यांची टोके भिंतीत टिकून राहिली.

पुढे जे घडले ते अपघाताहून क्लेशकारक होते. मदतीला धावून आलेले शेजारी होते, तसे जखमींना हिणवणारेही होते. लंडनच्या बिशपांनी शहरातील दफनभूमींत जागा नाकारली. पुष्कळांना राजदूतांच्या आवारातच पुरावे लागले. व्यासपीठांवरून आणि छापील पत्रकांतून सांगितले जाऊ लागले की, हा ईश्वराचा न्याय होय. पुरावा काय? तर तारीख. १६०५ साली काही कॅथलिकांनी इंग्लंडची संसद दारूगोळ्याने उडविण्याचा कट केला होता. तो ५ नोव्हेंबरला उघडकीस आला. ब्लॅकफ्रायर्सचा अपघात इंग्लंडच्या पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबरला झाला होता. परंतु पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारलेल्या पंचांगाप्रमाणे, दहा दिवसांच्या फरकाने, ती तारीख ५ नोव्हेंबर येत होती. पोपचे पंचांग म्हणून जे इंग्लंडने नाकारले आणि पुढे १७५२ पर्यंत स्वीकारले नाही, तेच पंचांग कॅथलिकांवर दोषारोप करण्यापुरते एका दिवसासाठी उसने घेण्यात आले.

येशूसंघाचे जॉन फ्लॉइड यांनी त्याच वर्षी सांत्वनपर पुस्तिका लिहून या आरोपाला उत्तर दिले. पण माझ्या मते सर्वांत मोलाचे उत्तर एका निराळ्याच ठिकाणी सापडते. अपघाताचे जे समकालीन वृत्तांत छापले गेले, त्यांत तुटलेल्या लाकडाचीही पाहणी नोंदलेली आहे. मुख्य तुळईत दोन्ही बाजूंनी आडवी लाकडे बसविली होती. लाकडाचे टोक तासून त्याचे कुसू करावयाचे आणि तुळईत खाच पाडून त्यात ते बसवावयाचे, ही सुतारकामाची नेहमीची रीत. परंतु येथे दोन्ही बाजूंच्या खाचा समोरासमोर, आणि त्याही तुळईच्या मध्यावर, आल्या होत्या. बाहेरून तुळई जाडजूड दिसत होती. आतून ती दोन्हीकडून कोरली गेली होती. जेथे ताण सर्वांत जास्त, तेथेच लाकूड सर्वांत कमी. तुळई तेथेच तुटली.

ज्यांनी ही नोंद केली त्यांना कदाचित तिचे महत्त्व जाणवले नसेल. परंतु तिने एका वाक्यात सारा वाद मिटविला आहे. त्या दिवशी त्या दालनात कॅथलिकांऐवजी प्रॉटेस्टंट असते, नाटक पाहणारे असते, लग्नाचे वऱ्हाडी असते, तरी तुळई तुटलीच असती. १५८३ च्या जानेवारीत लंडनमध्येच पॅरिस गार्डन येथे अस्वलांची झुंज पाहणाऱ्यांच्या लाकडी सज्ज्याने माणसांचे बळी घेतले होते. तो रविवार होता, म्हणून प्यूरिटन उपदेशकांनी तोही ईश्वरी कोपच ठरविला. एकदा झुंज पाहणारे, एकदा प्रवचन ऐकणारे! तुळईला दोघांत फरक करता येत नाही. ती कोणाचीही बाजू घेत नाही.

मग दोष कोणाचा? खाचा पाडणाऱ्या सुताराचा काही अंशी खरा. पण राहत्या दालनावर तीनशे माणसांचे ओझे कोणी चढविले? आज आपल्या देशात घराचा मजला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापरभार धरून आखतात. जेथे लोक उभ्याने गर्दी करतात त्या सभागृहासाठी हाच आकडा ५०० किलो धरावा लागतो. घराचा मजला सभागृह म्हणून वापरणे म्हणजे त्याच्यावर अडीचपट भार टाकणे होय. लंडनच्या कॅथलिकांनी तो हौसेने टाकला नव्हता. ज्या कायद्याने त्यांची मंदिरे बंद केली, त्यानेच त्यांना त्या माडीवर चढविले. तुळईवरचे ओझे अनेकदा समाजाने ठेवलेले असते; मोडल्यावर खापर मात्र उभे राहणाऱ्यांच्या माथी फुटते.

या अपघातानंतर पंधरा वर्षांनी, १६३८ साली, हॉलंडमधील लायडन येथे एक ग्रंथ छापला गेला. लेखक होते गॅलिलिओ. रोमच्या न्यायासनाने त्यांना स्थानबद्ध केलेले असल्यामुळे इटलीत त्यांचे लेखन छापणे अवघड झाले होते. दोन नव्या शास्त्रांवरील या संवादरूप ग्रंथात, भिंतीत रोवलेली तुळई किती वजनाने मोडेल, हा प्रश्न त्यांनी गणिताने मांडला आणि आयताकृती तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम सांगितला. तुळईच्या आत ताण कसा विभागला जातो याविषयी त्यांची कल्पना चुकीची होती. ती सुधारण्याच्या कामी त्याच शतकात पुढाकार घेतला तो एदम मारियोत या फ्रेंच धर्मगुरूने. धर्म आणि शास्त्र यांच्या कलहाची गोष्ट आपण नेहमी ऐकतो. या प्रकरणात एका कॅथलिक शास्त्रज्ञाचे काम एका कॅथलिक धर्मगुरूने पुढे नेले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या नियमांचा अर्थ सोप्या शब्दांत असा. ओझ्याखाली तुळई वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या पट्ट्यात ताण जवळजवळ नसतो. म्हणून खालच्या कडेला पाडलेली खाच सर्वांत घातक. भोक पाडणे भागच असेल तर ते उंचीच्या मध्यावर पाडावे आणि तुळईच्या लांबीच्या मध्यापासून दूर ठेवावे. तीन इंच रुंद आणि नऊ इंच उंच कडी उभी ठेवली तर ती आडवी ठेवल्याच्या तिप्पट भार घेते आणि वाकण्यास नऊपट विरोध करते. म्हणूनच जाणता सुतार कडी नेहमी धारेवर उभी बसवितो. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडन पुन्हा उभे करताना, १६६७ च्या कायद्याने घरांच्या कड्या-तुळयांची मापेच ठरवून दिली. मजल्याची सुरक्षितता ही घरमालकाच्या मर्जीची बाब नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

तथापि नियम माहीत असणे आणि माडीवर चढण्यापूर्वी ते आठवणे, यांत अंतर आहे. १२ एप्रिल १८५५ रोजी पोप नववे पायस रोमच्या वेशीबाहेरील संत अ‍ॅग्नेसच्या मठात गेले होते. तेथील वरच्या दालनात धर्मप्रसार महाविद्यालयाचे विद्यार्थी त्यांच्या दर्शनासाठी जमले. मजल्याखालची तुळई मोडली आणि पोप महोदयांसह शंभराहून अधिक माणसे खाली गेली. कोणीही दगावले नाही. पोप महोदयांनी कृतज्ञतेपोटी तेथील बॅसिलिकेचा जीर्णोद्धार केला आणि त्या प्रसंगाचे भित्तिचित्रही तेथे रेखाटले गेले. जीव वाचल्याबद्दल देवाचे आभार मानणे हे श्रद्धावंताचे कर्तव्यच होय. परंतु आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. रोमच्या मजल्यावरून वाचलेल्यांना आपण देवाची विशेष कृपा म्हणून निराळे काढू लागलो, तर लंडनच्या मजल्यावरून गेलेल्यांच्या माथी ईश्वरी कोप मारणाऱ्यांना उत्तर देण्याचा आपला हक्क राहत नाही. कृतज्ञता आणि निकाल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

कॅल्न, लंडन, रोम. तिन्ही ठिकाणी राहत्या माडीवर सभा भरली. तिन्ही ठिकाणी सभेआधी खाली जाऊन कडीपाट न्याहाळण्याचे कोणाला सुचले नाही.

कमकुवत मजल्याला बळकटी आणण्याचे उपाय मुळात थोडेच आहेत आणि ते जुनेच आहेत. कडी दुबळी झाली तर तिच्या बगलेला तेवढ्याच उंचीची नवी कडी बोल्टांनी जखडावयाची. कड्या बाजूला कलू नयेत आणि एकीचा भार शेजारणीने वाटून घ्यावा म्हणून त्यांच्यामध्ये कैचीसारखे आडवे तुकडे ठोकावयाचे. भिंतीतले टोक कुजले असेल तर तो भाग कापून लोखंडी आधार द्यावयाचा. वरून फळ्या बदलून भागत नाही. आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे मध्ये आधार देणे. कडीच्या मधोमध खालून तुळई सरकविली तर त्याच ओझ्याखाली तिचे वाकणे सुमारे सोळाव्या भागावर येते. मात्र आधाराखालच्या आधाराचाही विचार हवा. टेकू जर खालच्या मजल्याच्या फळीवर उभा असेल, तर त्याने ओझे नाहीसे केलेले नसते. ते शेजाऱ्याच्या छतावर ढकललेले असते. टेकूची रांग थेट जमिनीतल्या पायापर्यंत पोहोचली पाहिजे.

टेकू हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. गिरगाव, माझगाव, डोंगरी, भेंडीबाजार येथील कितीतरी जुन्या चाळी आणि इमारती सागवानी खांब, तुळया आणि कड्यांवर उभ्या राहिल्या. धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांच्या कुडी अशाच इमारतींत होत्या. काही आजही आहेत. बोटीवर नोकरी करणारा गोवेकर मुंबईत आला की गावच्या कुडीत उतरावयाचा. संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावयाची. त्या दालनांत प्रत्येकाची पेटी भिंतीलगत मांडलेली असे. ही मांडणी जागेच्या सोयीची होती, तशीच ती कड्यांच्याही सोयीची होती. कडीच्या मध्यावर ठेवलेले ओझे भिंतीजवळ, लांबीच्या आठव्या भागावर, सरकविले तर त्यामुळे कडीला पडणारा बाक निम्म्याहून कमी होतो.

परंतु पुढे या इमारतींवर निराळेच ओझे आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. गरीब भाडेकरूला त्याने छप्पर दिले, हे विसरता येणार नाही. पण दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे तेथेच राहिले आणि मालकाने कडीपाटाकडे पाहणे सोडले. एकेका खोलीत माणसे वाढली, पोटमाळे चढले, लाकडी फळ्यांवर लादी आणि लादीवर पुन्हा नवी लादी बसली. न्हाणीचे पाणी मुरून भिंतीतली टोके आतल्या आत कुजली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली राज्य शासनाने कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले. उपकर भरणाऱ्या सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या. १९७७ पासून हे काम म्हाडाकडे आहे. अनेक इमारतींत कुजलेल्या तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर आले. पुष्कळ ठिकाणी मात्र तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षे राहिले. मुले त्यांना धरून खेळली, बायकांनी त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळविले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तेहतीस जण मरण पावले. ते कोण होते, कोणत्या धर्माचे होते, हा प्रश्न तेथेही निरर्थकच होता.

आपल्या धर्मग्रामांत आज भव्य काँक्रीटची मंदिरे आहेत. तरी जुन्या मंदिरांतील गायकवृंदाचे लाकडी सज्जे, जुन्या शाळांच्या माड्या, वाड्यांतली वडिलोपार्जित घरे अजून वापरात आहेत. वर्षभर ज्या सज्ज्यावर दहा माणसे उभी राहतात, त्यावर सणाच्या दिवशी पन्नास चढतात. घरात लग्न अथवा मयत असली की साऱ्या आळीचे लोक माडीवर बसतात. अशा वेळी काय पाहावे, हे लंडनच्या त्या तुळईने सांगून ठेवले आहे. कडीच्या मध्याला झोळ आला आहे काय? खालच्या कडेला कोणी विजेच्या तारांसाठी अथवा नळासाठी खाच पाडली आहे काय? भिंतीजवळच्या टोकात खिळा अथवा सुरी सहज रुतते काय? टोकाशी वाळवीची माती अथवा ओल दिसते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल, तर जाणत्या सुताराला अथवा अभियंत्याला दाखविल्यावाचून त्या माडीवर माणसे चढवू नयेत. नोव्हेनेच्या आधी मंदिर झाडून-पुसून घेतात, रंग देतात, पताका लावतात. सज्ज्याखाली दिवा घेऊन तासभर उभे राहणे, हाही त्या तयारीचा भाग व्हावा.

ब्लॅकफ्रायर्सच्या मृतांसाठी प्रार्थना करणारे आज फारसे कोणी उरलेले नाही. त्यांचा अपराध एवढाच की प्रवचन ऐकावयास दुसरी जागा नव्हती. शिलोहाच्या अठरा जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्या अठरा जणांविषयी ज्याने तो प्रश्न विचारला, तो नाझरेथला एका सुताराच्या घरात वाढला होता आणि स्वतःही सुतार म्हणून ओळखला जात होता. तुळई मोडते ती पापामुळे नव्हे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसेल.